कोपराच्या वर

भोरच्या एसटी स्टँडसमोर बंडूची चहाची टपरी आहे. त्या टपरीवर सकाळी नऊच्या सुमारास जो कोणी उभा असेल त्याला अय्युबभाई आतारांच्या लेकीची कीर्ती ऐकावीच लागे. ऐकणारा कामथडीला पाहुण्यांकडे निघालेला असो की किकवीच्या शाळेत वेळेवर पोहोचायच्या घाईतला मास्तर, सुटका कुणाचीच नसे.

"आमची नबीला अमेरिकेतल्या मोडल्याल्या हातांची बिलं करती," अशी अय्युबभाईंची सुरुवात ठरलेली.

"पन भाई," बंडू कपबशा विसळता विसळता विचारी, "तितल्या लोकांचं हात मोडत्यात तरी किती? रोजच्या रोज?"

"तितं बरफ पडतं. मानूस घसारतो. आन घसारला की हातावरच पडतो, मग तो भोरचा असू दे न्हाईतर अमेरिकेचा." एवढं सांगून अय्युबभाई दुसरा चहा मागवत, कारण सांगण्यासारखं अजून पुष्कळ असे.

बढाई म्हणाल तर होतीच, पण तिला पाया होता. सरकारी दवाखान्याच्या प्लास्टरच्या खोलीत या माणसाने एकतीस वर्षं काढली. हुद्दा ड्रेसरचा, म्हणजे कागदावर फारसा कुणीच नाही. डॉक्टर आले नि बदलून गेले, भिंतींचे रंग तीनदा बदलले, पण बादलीत प्लास्टर भिजवणारे हात तेच राहिले. कुठे झाडावरून पडलेलं पोर, कुठे बांधावरून घसरलेली म्हातारी, पार पानशेतपासून माणसं येत आणि डॉक्टरांच्या आधी विचारत, "अय्युबभाई हायती का आज?" आता निवृत्तीनंतरही कुणी दुखरा हात धरून घरी आलं, तर ते हाताला हात लावत नसत. "आदी फोटो काडा, डॉक्टरला दावा," म्हणून दवाखान्यात पिटाळत. आपली पायरी त्यांना ठाऊक होती, आणि त्या पायरीवर आपल्यासारखा दुसरा नाही हेही ठाऊक होतं.

अशा माणसाची मुलगी बी.एस्सी. झाली, पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स करून एका कंपनीत लागली, आणि तिच्या वाट्याला काम आलं ते नेमकं हातांचं. तिकडच्या दवाखान्यात पेशंटसाठी जे जे केलं जातं, जे जे सामान वापरलं जातं, त्या प्रत्येकाला एक ठरलेला नंबर असतो. डॉक्टरांनी लिहिलेला अहवाल वाचायचा आणि योग्य नंबर लावायचा. त्या नंबरावर बिल बनतं आणि विमा कंपनी ते मानते किंवा परत पाठवते. आपल्याकडे ज्याला कच्चं प्लास्टर म्हणतात, म्हणजे अर्ध्या बाजूने आधार देऊन वरून पट्टी गुंडाळायची, त्याच्या हातापुरत्या सामानाचे आठ नंबर. सतरापासून चोवीसपर्यंत. हात लांब की आखूड, म्हणजे प्लास्टर कोपराच्या वर गेलंय की खालीच थांबलंय. माणूस अकराच्या पुढचा की आतला. सामान साध्या प्लास्टरचं की फायबरचं. अय्युबभाईंनी हे आठही नंबर लेकीकडून पाढ्यांसारखे पाठ करून घेतले होते आणि ते बंडूलाही अर्धेमुर्धे पाठ झाले होते.

मंगळवार हा नबीलाचा पुण्याच्या ऑफिसात जायचा दिवस, बाकीचे दिवस ती घरून काम करी. त्या मंगळवारी दिवस मावळायच्या आत ती एसटीने परत आली, चपला दारात सोडल्या आणि भिंतीला टेकून बसली. तिच्या आईने, बिलकीसने, पुढ्यात ठेवलेल्या चहावर साय धरली तरी तिने कप उचलला नाही.

"काय झालं?" अय्युबभाईंनी विचारलं.

"गुरुवारी शेवटचं ऑडिट आहे, अब्बा. उमेदवारीचे सहा महिने भरले. माझं काम संजीवनी मॅडम तपासतात. पन्नास अहवालांपैकी अठ्ठेचाळीस बरोबर आले तर कायम करतील. नाहीतर लॅपटॉप परत द्या नि घरी बसा."

"मग येतील की अठ्ठेचाळीस."

"मागच्या वेळी शेहेचाळीस आले. त्याच्या आधी पंचेचाळीस. आणि बहुतेक चुका कशात आहेत माहितीये? हाताच्या कच्च्या प्लास्टरात."

अय्युबभाईंना हे भलतंच लागलं. पायाच्या प्लास्टरात चुकली असती, पोटाच्या ऑपरेशनात चुकली असती, तर त्यांनी समजून घेतलं असतं. पण हाताच्या प्लास्टरात चुकावं, आणि तेही अय्युब आताराच्या लेकीने?

"दिव्याखाली अंधार," बिलकीस म्हणाली.

"अंधार त्या मॅडमच्या डोस्क्यात आसंल," अय्युबभाई उसळले. "तिनं जल्मात कदी प्लास्टर भिजिवलंय का? हापिसात बसून उंटावरनं शेळ्या हाकायच्या."

नबीलाने गार झालेल्या चहाचा कप बाजूला सारला. लेक भांडली असती तर अय्युबभाईंना बरं वाटलं असतं. ती गप्प बसली, तेव्हा त्यांना कळलं की ही नोकरी जाते असंच तिने मनात धरलंय.

बुधवारी सकाळी बंडूच्या टपरीवर अय्युबभाई उगवले नाहीत. ते घरी होते, लेकीच्या खोलीत, खुर्चीवर तिच्याकडे पाठ करून बसलेले. पेशंटचं नावगाव कुणाला सांगायचं नाही, स्क्रीन कुणाला दाखवायचा नाही, असा कंपनीचा सक्त नियम होता. अय्युबभाई नियमाचे पक्के. त्या खोलीत ते कायम भिंतीकडे तोंड करूनच बसत.

"तुझ्या चुका वाच," ते भिंतीला म्हणाले. "नाव सांगू नको. हात तेवढा सांग."

नबीलाने मागच्या ऑडिटमधला पहिला चुकलेला अहवाल उघडला. "बाई, वय बावन्न. बर्फावर घसरली, तळहातावर पडली. उजवं मनगट, हाड जागेवर आहे. फायबरचं कच्चं प्लास्टर."

"तू काय लावलं?"

"अठरा."

"म्हंजी लांब हात, मोठं मानूस, फायबर. आन मॅडम काय म्हनती?"

"बावीस. आखूड हात."

"फुडं काय लिवलंय?"

नबीला वाचायला लागली नि मध्येच तिचा आवाज बारीक झाला. "बोटांच्या मुळापासून, कोपराच्या दोन बोटं अलीकडपर्यंत."

"मग लिवलंय की चक्क. तुला दिसलं न्हाई?"

"मी मनगट वाचलं आणि अठरा लावला. मनगटाला लांबच असतं ना, अब्बा."

"कुनी सांगितलं तुला?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? मी बघितलंय की."

अय्युबभाईंना ते दिवस आठवले. ही पोर सातवी-आठवीत असताना शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन दवाखान्यात यायची, प्लास्टरच्या खोलीतल्या उंच स्टुलावर बसायची आणि पाय हलवत बघत राहायची. तिने पाहिलेलं प्रत्येक मोडकं मनगट कोपराच्या वर, पार दंडाच्या मध्यापर्यंत बांधलेलं होतं, कारण तिच्या बापाने ते तसं बांधलं होतं. तिने दुसरा चुकलेला अहवाल वाचला, तिसरा वाचला, आणि सगळीकडे तेच. मनगट, आणि पुढचं न वाचता अठरा. एके ठिकाणी सामान साध्या प्लास्टरचं होतं, तिथे सतरा.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा अय्युबभाईंना आनंद झाला. ज्या कामाची दवाखान्याने कधी दखल घेतली नाही ते या पोरीच्या डोळ्यांत इतकी वर्षं जसंच्या तसं राहिलं होतं, इतकं की डोळ्यांसमोरची अक्षरंसुद्धा तिला दिसेनात. हा आनंद दोन घटका टिकला असता तर बरं. पण लगेच ध्यानात आलं की लेकीची नोकरी घालवतोय तो आपलाच हात.

गप्प बसणं सोपं होतं. बापाचा शब्द लेकीला प्रमाण होता आणि कुठल्या बापाला ते सोडवतं? पण गुरुवार उद्यावर आला होता.

"नबीला," ते म्हणाले, "जगात समदीकडं आसल्या मनगटाला आखूडच बांदत्यात. लांब बांदायचो त्यो म्याच."

"म्हणजे?"

"म्हंजी पुस्तकात तसं न्हाई. ती आपली गावठी तोड हाय."

मग त्यांनी तिला सर्जेरावाची गोष्ट सांगितली, जी त्यांनी टपरीवर कधीच सांगितली नव्हती. नोकरीला लागून वर्ष झालं असेल. वेल्ह्याच्या पलीकडचा सर्जेराव नावाचा गडी मनगट मोडून आला. डॉक्टरांनी सांगितलं तसं अय्युबभाईंनी कोपराच्या खाली, आखूड, झकास बांधून दिलं. आठव्या दिवशी गडी परत आला तो प्लास्टरला आंबूस दुधाचा वास मारतोय, आणि आत हाड सरकलेलं. डॉक्टर त्याच्यावर असे कडाडले की बाहेरची रांग गप्प झाली. सर्जेराव शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमी हात बांदला, पन बोटं मोकळी ठिवली व्हती की. म्हशी दोन, आन घरात धार काडनारा म्या एकला. म्हशीला काय सांगू, दीड म्हयना थांब म्हनून?"

"त्याचं चुकलं म्हनावं तर कसं म्हनावं?" अय्युबभाई लेकीला म्हणाले. "म्या डॉक्टरला बोललो, साहेब, आपन कोपर बांदू. कोपर वाकवून बांदला की हात म्हशीपतुर पोचत न्हाई, मानूस झक मारत घरी बसतो, शेजारी येऊन धार काडत्यात. साहेब हासले. मग म्हनले, आपल्या तालुक्यापुरतं चालंल. पुढं नवीन डॉक्टर आला की त्याला बी म्या ही गोष्ट सांगायचो, आन त्यो बी मान हलवायचा. पन पुन्याचं कुनी मोठं डॉक्टर बघाया आलं की मला आपली लाज वाटायची. वाटायचं, हे म्हनतील, ह्या अडान्याला मनगट कुठं संपतं ते ठावं न्हाई."

नबीला बापाच्या पाठीकडे बघत राहिली. आपले वडील कुणाला लाजत असतील हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

एवढ्यावर अय्युबभाई थांबले असते तर ते अय्युबभाई कसले. सांगितलेलं पालथ्या घड्यावर पाणी, केलेलं डोक्यात राहतं, असा त्यांचा विश्वास. औषधाच्या दुकानातून त्यांनी प्लास्टरचे गुंडाळे, कापूस आणि पट्ट्या आणल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन बिलकीसपुढे बादली ठेवली.

"हात फुडं कर."

"मला काय धाड भरलीय?" बिलकीस म्हणाली. "पीठ मळायचंय मला."

"मग त्यासाटीच कर."

एकतीस वर्षांची सवय, हात विसरले नव्हते. कापूस गुंडाळला, प्लास्टरच्या घड्या घातल्या, बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात बुडवल्या, हलकेच पिळून बिलकीसच्या हाताखाली ठेवल्या आणि तळव्याने सारख्या केल्या. कोपराच्या दोन बोटं अलीकडे थांबले. वरून पट्टी बांधली. प्लास्टर गरम होत घट्ट झालं तशी बिलकीस उठली, परातीपाशी बसली आणि मुठीने पीठ मळायला लागली.

"बघ," अय्युबभाई लेकीला म्हणाले. "काम थांबलं का हिचं?"

मग तेच सोडून त्यांनी दुसरं बांधलं, कोपर काटकोनात वाकवून, दंडाच्या मध्यापर्यंत. बिलकीस पुन्हा परातीपाशी गेली. हात छातीशी अडकलेला, परातीपर्यंत पोचेचना. ती वाकली, तिरकी झाली, शेवटी वैतागून उठली. "आता जेवायला घाला तुमीच," म्हणाली आणि ओसरीवर जाऊन आरामात बसली. त्या दिवशी आतारांच्या घरी भाकऱ्या अय्युबभाईंनी भाजल्या, आणि त्या कशा झाल्या होत्या ते बिलकीस अजून शेजारपाजारी सांगत असते.

जेवणं झाल्यावर अय्युबभाईंनी लेकीला समोर बसवलं. "आता ह्यातलं समदं डोक्यातनं काडून टाक. म्या काय बांदायचो, तू काय बघितलं, समदं. कागुद उघडला की पैलं कोपर हुडीक. प्लास्टर कोपराच्या खाली थांबलंय का वर गेलंय, ते सापडल्याबिगर नंबराला हात लावू नगं. मनगट बिनगट मागनं."

"पहिलं कोपर," नबीला म्हणाली.

गुरुवारी ती दिवसभर दार लावून बसली. दुपारी चहा देताना बिलकीसला ती बोटाने स्क्रीनवरची एकेक ओळ धरून वाचताना दिसली, मदरशातली लहान मुलं वाचतात तशी. पन्नासावा अहवाल पाठवून ती बाहेर आली तेव्हा दमली होती, पण चेहरा निवळला होता. "कोपर सगळीकडं सापडला," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी सकाळी दहाला निकाल आला. सत्तेचाळीस.

तीन चुका. पहिली खरीच होती. पोरगा दहा वर्षं नऊ महिन्यांचा, आपल्याकडे त्याला अकरावं लागलं म्हणतात, तिने त्याला मोठ्यांत धरला. कंपनीच्या हिशोबात अकरा पुरे व्हायला लागतात. दुसरीत डावा हात उजवा झाला होता, तीही खरी. तिसरीपुढे मात्र संजीवनी मॅडमनी लाल अक्षरांत लिहिलं होतं, अठरा नव्हे, बावीस. पुन्हा तीच चूक. हरकत असल्यास दुपारी बारापर्यंत कळवावी.

"मीच लावला असेल सवयीनं," नबीला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "चुकलं म्हणून लिहून टाकते. उगाच हुज्जत कशाला?"

अय्युबभाईंचंही अवसान गळालं होतं. आपण एकतीस वर्षांत घातलेली सवय एका दुपारीत कुठली जाते, असं त्यांना वाटत होतं. तरी ते खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. "लिवशील मागनं. आदी कोपर हुडीक."

नबीलाने अहवाल उघडला. "वर शीर्षक आहे, आखूड हाताचं कच्चं प्लास्टर. झालं, अब्बा. मॅडमचं बरोबर आहे."

"त्ये शीर्षक झालं. कोपर कुठाय?"

ती खाली वाचत गेली. मग तिने खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज झाला. "पुरुष, एकसष्ट वर्षं. डावं मनगट. पेशंटच्या घरी गाई आहेत, तो एकटा राहतो. काम थांबवावं लागेल असं दोनदा सांगितलं, थांबवणार नाही म्हणतो." ती थांबली. "म्हणून नेहमीप्रमाणे आखूड न बांधता, कोपर नव्वद अंशांत ठेवून प्लास्टर कोपराच्या वर, दंडाच्या मध्यापर्यंत नेलं आहे. फायबर."

अय्युबभाई मान वळवणार होते, पण नियम आठवून पुन्हा भिंतीकडे बघायला लागले.

"अब्बा, हे मी काल वाचलं होतं," नबीला म्हणाली. "आता आठवलं. गाईंचं वाचलं तेव्हाच मला वाटलं की हा डॉक्टर वर जाणार. मग मी ओळ शोधली, आणि ती होती. मी सवयीनं नव्हता लावला."

"मग बसलीस काय? अकरा वाजून गेलं. लिव." अय्युबभाई खुर्चीत ताठ झाले होते. "लिव, की भोरचे अय्युब आतार, एकतीस वर्साचा अनुभव, त्यांचं बी असंच म्हननं हाय."

"तुमचं म्हणणं नाही चालत, अब्बा. त्या डॉक्टरनं लिहिलंय तेवढंच चालतं."

बाप दाखव नाहीतर श्राद्ध घाल, असा तो रोकडा व्यवहार. आणि इथे बाप पाठमोरा बसलेला असूनही कामाचा नव्हता. अय्युबभाईंना ते जरा बोचलं. पण लेक आता टपटप टाईप करत होती, आणि मागून येणारा तो आवाज सकाळच्या रडक्या पोरीचा नव्हता. शीर्षक बऱ्याचदा आधीच छापलेलं असतं, घाईत ते बदलायचं राहतं, ते आणि मजकूर जुळत नसतील तर मजकूर धरावा असा नियम आहे, तो नियम तिने लिहिला, खाली डॉक्टरांची ओळ जशीच्या तशी उतरवली, आणि बाराला वीस कमी असताना पाठवून दिलं.

मग वाट बघणं. अय्युबभाई जुम्म्याच्या नमाजाला गेले. तिथे मागायला माणसाकडे पुष्कळ असतं, त्यांनी त्या दिवशी एकच मागितलं. परत येताना बंडूने हाक मारली, "भाई, तीन दिस झालं, अमेरिकेतले हात बरं झालं की काय समदे?" तर भाई नुसता हात वर करून पुढे गेले. बंडूने शेजाऱ्याला सांगितलं की काहीतरी बिनसलंय.

चारच्या सुमारास नबीलाचा फोन वाजला. तिने तो सर्वांना ऐकू येईल असा लावला.

"नबीला, संजीवनी बोलतेय. तुझी हरकत वाचली. मी शीर्षक वाचून पुढं गेले होते, चूक माझी आहे. तुझे अठ्ठेचाळीस झाले. सोमवारी कायमचं पत्र मिळेल."

बिलकीसने तोंडाला पदर लावला. नबीला म्हणाली, "थँक्यू, मॅडम."

"एक विचारू? तुझी हरकत आल्यावर मी तो अहवाल टीममधल्या चार जणांना लावायला दिला. सगळे तुझ्याहून जुने. चौघांनी शीर्षक बघून बावीस लावला. तुला ती ओळ कशी दिसली?"

नबीलाने वडिलांकडे बघितलं. "मॅडम, माझे अब्बा इथं सरकारी दवाखान्यात प्लास्टर बांधायचे. आमच्याकडं मनगट मोडलं तरी कोपराच्या वर बांधतात, नाहीतर माणूस दुसऱ्या दिवशी म्हशीची धार काढायला बसतो. ही युक्ती अब्बांची. माझ्या आधीच्या सगळ्या चुका त्यामुळंच झाल्या, आणि ही ओळसुद्धा त्यामुळंच दिसली."

मग मॅडम म्हणाल्या, "त्यांना माझा नमस्कार सांग. आणि म्हणावं, ते कच्चं प्लास्टर कसं बांधतात ते एकदा आमच्या लोकांना येऊन दाखवा. आमच्यापैकी एकानंही ते डोळ्यांनी बघितलेलं नाही."

फोन बंद झाला. बिलकीस लेकीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडत होती, हसत होती, रडत होती, सगळं एकदम. अय्युबभाई मात्र उभेच होते. छाती भरून आली होती, आणि ती नुसती लेकीच्या अठ्ठेचाळिसाने नव्हती. इतकी वर्षं पुण्याच्या डॉक्टरांपुढे जी गोष्ट त्यांनी चोरासारखी लपवली, तीच गोष्ट समुद्रापलीकडच्या एका शिकलेल्या डॉक्टरने केली होती, कारणासकट लिहून ठेवली होती, आणि ती वाचता आली होती त्यांच्या लेकीला. टपरीवर जाऊन हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. ते गेले नाहीत. ते लेकीच्या खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसले.

"ती डॉक्टरची ओळ वाच परत," ते म्हणाले. "हाय तशी. विंग्रजीतच."

"तुम्हाला कळायची नाही, अब्बा."

"वाच तू."

नबीलाने वाचली. सावकाश, एकेक शब्द सुटा करत, मधेच ती स्वतःच हसली आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचली. अय्युबभाईंनी डोळे मिटले होते. त्यांचा उजवा तळवा मांडीवरून हलकेच फिरत होता, एका अनोळखी माणसाच्या वाकवलेल्या हातावर ओलं प्लास्टर सारखं करत वर वर जात होता.

"कोपर काटकोनात ठिवलाय नव्हं?" त्यांनी विचारलं.

"हो, अब्बा."

"आन दंडाच्या मध्यापतुर नेलंय?"

"हो."

"मंग चांगलं बांदलंय," अय्युबभाई म्हणाले.